'बळाचा वापर' की सरळ 'युद्ध'?

प्रश्न असा आला आहे: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरील लेखाचा मराठी अनुवाद करताना एका वाचकांनी 'राष्ट्रांनी परस्परांविरुद्ध बळाचा वापर करू नये' असे लिहिले. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला, 'एवढे आढेवेढे कशाला? युद्ध करू नये, म्हणा.' बरोबर कोण? आणि 'बलप्रयोग' किंवा 'बळजबरी' चालेल का?

तुमचे वाक्य आहे तसेच ठेवा. 'युद्ध' घातलेत तर त्या कलमातली सगळी मेख निघून जाते, कारण तो शब्द तिथे जाणूनबुजून टाळलेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या 'लीग ऑफ नेशन्स'ने, घातलेली बंधने होती ती 'युद्धाचा अवलंब' करण्यावर. आधी लवाद किंवा चौकशी, निकाल लागल्यावर तीन महिने थांबायचे, वगैरे. पुढे २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसला केलॉग-ब्रिआँ करार झाला आणि पंधरा देशांनी राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्यागच करून टाकला. त्या पंधरांत जपान होता. ब्रिटिश अमलाखालचा भारतही होता. पण युद्ध पुकारलेच नाही, तर करार मोडला असे म्हणायचे कसे?

१८ सप्टेंबर १९३१ ला ईशान्य चीनमधल्या मांचुरियात, मुकदेन शहराजवळ रेल्वेमार्गावर स्फोट झाला. तो जपानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनीच घडवला होता. खापर मात्र चिन्यांवर फोडले आणि बघता बघता मांचुरिया गिळला. टोकियोच्या लेखी हे 'मांचुरिया प्रकरण'. १९३७ मध्ये शांघाय पडले, नानजिंग पडले, तरी नाव 'चीन प्रकरण'च. गंमत म्हणजे चीननेही जपानविरुद्ध रीतसर युद्ध पुकारले ते थेट डिसेंबर १९४१ मध्ये. युद्ध असल्याचे मान्य झाले असते, तर तटस्थतेच्या कायद्याने अमेरिकेतून येणारी शस्त्रे बंद झाली असती, आणि ते दोघांनाही नको होते.

ही पळवाट १९४५ च्या सनदेत बुजवली. प्रस्तावनेत 'युद्ध' हा शब्द आहे, पण मनाई करणाऱ्या दुसऱ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात नाही. तिथे मनाई आहे ती बळाच्या वापराला, आणि तशा नुसत्या धमकीलाही. अनुवादात ही 'धमकी' गळू देऊ नका. मराठीत ती हमखास गळते. मनाई युद्धाला नसून बळाला आहे, म्हणून तर १९५६ च्या सुएझ प्रकरणी, म्हणजे इजिप्तवरच्या हल्ल्याबद्दल, 'आम्ही युद्ध जाहीर केलेले नाही' असे पंतप्रधान ईडन यांनी संसदेत सांगूनही ब्रिटनची सुटका झाली नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमधल्या चढाईला 'विशेष लष्करी मोहीम' म्हटले, त्यानेही सनदेपुढे काही फरक पडत नाही.

मराठवाड्यातल्या वाचकांना अशा नावांचे नवल वाटणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये रणगाड्यांसह सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, तरी जुनी माणसे त्याला 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. त्याआधी ऑगस्टमध्येच हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. संस्थान म्हणजे स्वतंत्र राष्ट्र नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न, ही भारताची भूमिका. 'पोलीस' हा शब्द तिच्यात चपखल बसत होता.

आता शब्दांची निवड. 'बलप्रयोग' चुकीचा नाही, पण त्याला सरकारी हिंदीचा वास येतो. 'बळाचा वापर' बातम्यांत रुळलेला आहे. जमाव पांगवायला पोलीस तोच करतात. 'बळी तो कान पिळी' मधले बळही हेच. 'बळजबरी' मात्र नको. पैशाची, व्यापाराची नाकेबंदी करून एखाद्याला नमवणे ही मराठीत बळजबरीच, पण सनदेतल्या 'बळा'त ती धरत नाहीत. आर्थिक दडपणही मनाईत घ्या, अशी सूचना ब्राझीलने सनद ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत केली होती. ती फेटाळली गेली. तेव्हा बळ म्हणजे व्यवहारात शस्त्रबळ. पहिल्या उल्लेखाला 'लष्करी' किंवा 'सशस्त्र' जोडलेत तर वाचकाला सोपे जाईल, फक्त मूळ मजकूर अवतरणात देताना जोडू नका.

तुमच्या मसुद्यात आणखी एक गोष्ट खटकली. 'बळाचा वापर', 'सशस्त्र हल्ला' आणि 'हस्तक्षेप' हे तुम्ही आलटून पालटून, पुनरुक्ती टाळण्यासाठी वापरले आहेत. निबंधात हे शोभते, इथे घात करते. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध आणलेल्या खटल्याचा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये निकाल दिला, त्यात हे शब्द वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहेत. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेने नुसता पैसा पुरवणे हा हस्तक्षेप, पण बळाचा वापर नव्हे. त्यांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे हा बळाचा वापर, पण अजून सशस्त्र हल्ला नव्हे. आणि स्वसंरक्षणाचा हक्क एक्कावन्नाव्या कलमानुसार मिळतो तो सशस्त्र हल्ला झाला तरच. म्हणजे तिसऱ्या परिच्छेदात 'हस्तक्षेप' च्या जागी तुम्ही 'हल्ला' लिहिलात, तेव्हा त्या देशाला उलट तोफा डागायचा परवानाच देऊन बसलात. तिथे एकच शब्द पाच वेळा आला तरी येऊ द्या.