कामानिमित्त कॉर्कला राहायला यायचं आहे. आयर्लंडमधल्या एखाद्या स्थानिक गेलिक क्लबचा इतिहास सांगाल का? एकच क्लब हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही कसं सांभाळतो?

तुम्ही कामानिमित्त कॉर्कला राहायला येताय असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून कॉर्कच्याच क्लबबद्दल सांगतो. मी या शहराच्या दक्षिण भागात राहतो आणि माझा मुलगा इथे हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, धरायला शिकला. गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक, खेळांमधला क्लब म्हणजे काय हे एका उदाहरणावरून समजून घ्यायचं असेल, तर मी डोळे झाकून सेंट फिनबार्सचं नाव घेईन. इथे सगळे त्याला नुसतं 'बार्स' म्हणतात. पूर्ण नाव सेंट फिनबार्स नॅशनल हर्लिंग अँड फुटबॉल क्लब. दोन्ही खेळ नावातच आहेत, आणि दोन्ही खेळांत अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद मिळवणारा हा देशातला एकमेव क्लब आहे.

खेळ माहीत नसतील तर आधी एवढंच. दोन्हींत प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू, मैदान एकच, गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर साधारणपणे एक. हर्लिंगमध्ये अ‍ॅश लाकडाची, टोकाला चपटी असलेली हर्ली आणि चामड्याचा लहान कडक चेंडू असतो. फुटबॉलमध्ये मोठा चेंडू हाताने आणि पायाने दोन्हीने खेळवतात. कोणालाही पगार नसतो. परवा ऐंशी हजार लोकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्क या मुख्य मैदानावर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवताना किंवा बँकेत बसलेला दिसतो.

आता बार्स. क्लबची स्थापना 1876 ची, आणि हे साल महत्त्वाचं आहे. गेलिक खेळांची राष्ट्रीय संघटना, जीएए, थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात 1 नोव्हेंबर 1884 रोजी मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन वगैरे मंडळींनी स्थापन केली. म्हणजे नियम लिहिणारी संस्था जन्माला येण्याआधी आठ वर्षं या शहरात बार्स होता. फिनबार हा कॉर्कचा संरक्षक संत, त्याचंच नाव क्लबला दिलं. आज क्लबचं घर शहराच्या नैऋत्येला टॉहर भागात आहे. जर्सी निळी, म्हणून 'द ब्लूज' असंही म्हणतात.

क्लब आणि वस्ती यांचं नातं इथे कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांसारखं आहे. पेठ कुठली त्यावर संघ ठरतो, आवडीवर नाही. मूल ज्या भागात वाढतं, जिथल्या शाळेत जातं, त्या क्लबचं होतं आणि बहुतेक वेळा मरेपर्यंत त्याचंच राहतं. क्लब बदलता येतो, पण त्याला कागदपत्रं लागतात, आणि कागदपत्रांपेक्षा जास्त लागतं ते शेजाऱ्यांच्या नजरेला तोंड देण्याचं बळ.

कॉर्क शहराच्या हर्लिंगवर पिढ्यान्‌पिढ्या तीन क्लबांचं राज्य होतं: ब्लॅकरॉक, ग्लेन रोव्हर्स आणि बार्स. बार्सने काउंटीचं, म्हणजे कॉर्क जिल्ह्याचं, वरिष्ठ हर्लिंग अजिंक्यपद पहिल्यांदा 1899 मध्ये जिंकलं, मग 1904 ते 1906 सलग तीनदा. पण मला सगळ्यात रंगतदार वाटतो तो तीस-चाळीसच्या दशकातला भाग. उत्तरेकडच्या ब्लॅकपूल वस्तीतला ग्लेन रोव्हर्स 1934 ते 1941 सलग आठ वर्षं काउंटी विजेता होता. त्यांच्याकडे जॅक लिंच होते, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले (तेच पद, ज्यावर नंतर आपले मालवणकडचं मूळ असलेले लिओ वराडकर बसले). 1941 मध्ये क्रिस्टी रिंगसुद्धा ग्लेनमध्ये आला, ज्याला आजही कित्येक लोक सर्वकाळचा श्रेष्ठ हर्लर मानतात. त्या आठ वर्षांच्या अलीकडे आणि पलीकडे कोण होतं बघा. 1932 आणि 1933 चा विजेता बार्स, आणि 1942 मध्ये ती मालिका संपली तेव्हा करंडक गेला तो पुन्हा बार्सकडेच. 1943 लाही त्यांनी तो राखला. इथल्या म्हाताऱ्यांशी बोलताना ग्लेनच्या आठ वर्षांचा विषय निघाला की बार्सचा माणूस ही दोन टोकं सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

काउंटी अजिंक्यपद जिंकण्याला (इथे नुसतं 'काउंटी जिंकणं' म्हणतात) अजून एक वजन होतं. त्या काळी विजेत्या क्लबला पुढच्या वर्षीच्या कॉर्क काउंटीच्या संघाचा कर्णधार सुचवायचा मान मिळे. बार्सने 1965 ला काउंटी जिंकली, म्हणून 1966 ला कर्णधार झाला बार्सचा जेरल्ड मकार्थी. त्याच्या हाताखाली कॉर्कने बारा वर्षांनी काउंटी संघांचा अखिल आयर्लंड करंडक आणला. 1977 ला पुन्हा काउंटी जिंकली आणि 1978 चा करंडक उचलला बार्सच्याच चार्ली मकार्थीने. 1977 चा तो काउंटी अंतिम सामना ग्लेनविरुद्ध होता आणि पार्क ई क्वीव्ह मैदानावर 34 हजारांहून अधिक लोक आले होते. एका शहरातल्या दोन मोहल्ल्यांच्या सामन्याला! तेव्हाच्या कॉर्कची लोकसंख्या लक्षात घेतली तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकातला बार्स हेच त्याचं उत्तर आहे. क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा 1970-71 मध्ये सुरू झाली. बार्सने हर्लिंगमध्ये ती 1975 आणि 1978 ला जिंकली, फुटबॉलमध्ये 1980, 1981 आणि 1987 ला. मधली वर्षं नीट पाहा. 1980 मध्ये काउंटीचं हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही बार्सकडे. त्या जोरावर 1981 मध्ये क्लब देशाच्या दोन्ही अंतिम सामन्यांत पोचला. फुटबॉल जिंकला, हर्लिंग मात्र किलकेनीच्या बॅलीहेल शॅमरॉक्सने नेलं. 1982 मध्ये काउंटीचे दोन्ही करंडक पुन्हा टॉहरला आले. आणि हे दोन वेगवेगळे संघ नव्हते! त्यातली बरीच माणसं दोन्हीकडे होती. एका आठवड्यात हर्ली, पुढच्या आठवड्यात फुटबॉल.

त्यातला सर्वांत लाडका जिमी बॅरी-मर्फी. 1973 मध्ये, विशीही न ओलांडलेला हा पोरगा कॉर्कच्या फुटबॉल संघातून अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात दोन गोल मारून आला. मग हर्लिंगकडे वळून कॉर्ककडून 1976, 1977, 1978, 1984 आणि 1986 अशी पाच अजिंक्यपदं मिळवली, आणि 1999 मध्ये प्रशिक्षक म्हणून कॉर्कला पुन्हा विजेता केलं. एवढं सगळं करून तो क्लबसाठी दोन्ही खेळ खेळत राहिला. माझ्या मते बार्सचा खरा इतिहास या 'खेळत राहिला'मध्ये आहे. मोठं नाव झालं म्हणून कोणी क्लबच्या सरावाला दांडी मारत नसे.

पुढचा काळ मात्र कठीण गेला. फुटबॉलची काउंटी 1985 नंतर थेट 2018 मध्ये मिळाली. हर्लिंगची 1993 नंतर 2022 मध्ये. याचं एक कारण शेजारीच होतं. दक्षिण कॉर्कमधलाच निमो रेंजर्स फुटबॉलमध्ये देशातला सर्वांत यशस्वी क्लब बनला. शिवाय शहर पसरलं, बाहेरच्या उपनगरांत नवी कुटुंबं गेली आणि तिथले क्लब भरभराटीला आले. जुन्या वस्तीत पोरं कमी झाली की त्याचा फटका दहा-पंधरा वर्षांनी वरिष्ठ संघाला बसतो.

म्हणून 2021 आणि 2022 ही दोन वर्षं मला मोलाची वाटतात. 2021 ला बार्सने क्लोनाकिल्टीला एका गुणाने हरवून फुटबॉलची काउंटी घेतली आणि मग मन्स्टर प्रांतही जिंकला. 2022 ला ब्लॅकरॉकला हरवून हर्लिंगची. दोन्ही संघांत खेळलेला ब्रायन हेज आता कॉर्कच्या हर्लिंग संघाचा मोठा आधार आहे. 2022 चा प्रशिक्षक होता जेर कनिंगहॅम, ऐंशीच्या दशकातला कॉर्कचा थोर गोलरक्षक, आणि मैदानावर त्याचा मुलगा बेन.

दोन्ही खेळ सांभाळणं आज पूर्वीपेक्षा अवघड झालंय, हे मात्र खरं. सराव जास्त शास्त्रशुद्ध झाला, दोन प्रशिक्षकांना एकाच खेळाडूच्या संध्याकाळी हव्या असतात, आणि मांडीचा स्नायू एकदा ताणला की दोन्ही संघ अडचणीत येतात. काउंटी संघात गेल्यावर तर बहुतेकांना एक खेळ निवडावाच लागतो. क्लबमध्ये हे जमतं ते दोन्ही बाजूंच्या प्रशिक्षकांनी एकत्र बसून आठवडा वाटून घेतला तरच. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना इथे अजूनही दोन्ही शिकवतात, आणि ते शिकवणारे सगळे आईबाप आणि जुने खेळाडू असतात, बिनपैशाचे.

आता काउंटी संघांचा हंगाम जुलैमध्ये संपतो आणि मग क्लबांचा सुरू होतो. तुम्ही उन्हाळ्याच्या शेवटी पोचलात तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काउंटी स्पर्धेचे शेवटचे सामने बघायला जाच. बार्स विरुद्ध ग्लेन किंवा ब्लॅकरॉक हर्लिंगमध्ये, बार्स विरुद्ध निमो फुटबॉलमध्ये. यातला जो मिळेल तो. बरोबर लहान मुलं असतील तर तुम्ही जिथे घर घ्याल त्या भागाच्या क्लबमध्ये त्यांचं नाव घाला. पहिल्या वर्षी हर्ली आणि हेल्मेट एवढंच लागेल, आणि शेजाऱ्यांशी ओळख व्हायला याहून चांगला रस्ता मला तरी इथे सापडलेला नाही.