ईमेल जातात, उत्तर येत नाही

प्रश्न : मला घरून लेखनाची कामं करायची आहेत. वेबसाइटचा मजकूर, लेख, माहितीपत्रकं असं सगळंच लिहिते. बऱ्याच कंपन्यांना ईमेल पाठवले, पण उत्तर नाही. छापून आलेलं फारसं काही नाही. ग्राहक कसे मिळवावेत?

उत्तर : ‘सगळंच लिहिते’ इथंच अडतं. ज्याची तुम्हाला आधीपासून जाण आहे असा एकच विषय धरा आणि त्यातले तीन नमुने स्वतः लिहून काढा. ते छापून आलेले नसले तरी चालतात, पण ग्राहकाला लागणाऱ्या प्रकारचेच हवेत. दवाखान्यांची कामं हवी असतील, तर प्रवासवर्णन कितीही सुरेख असो, उपयोग नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यायच्या काळजीवर ७००-८०० शब्द लिहा आणि मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्या.

नमुने जोडू नका, लिंक द्या; अनोळखी माणसाची फाइल सहसा कुणी उघडत नाही. गूगल डॉक्सची लिंक असेल, तर ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ ही परवानगी चालू करा. ती राहून गेली, तर समोरच्याला तुमच्याकडे परवानगी मागावी लागते, आणि तेवढे कष्ट तो घेत नाही. दुसऱ्या खात्यातून स्वतः उघडून बघा.

एकच ईमेल शंभर जणांना पाठवण्यापेक्षा रोज तीन-चारच पाठवा, पण त्यांची वेबसाइट वाचून. कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर नको, मार्केटिंग किंवा मजकूर पाहणाऱ्या माणसाच्या नावानं पाठवा. पहिल्याच वाक्यात नेमकी उणीव सांगा : ‘तुमच्या सेवांच्या पानावर उपचाराला किती दिवस लागतात हे दिलेलं नाही.’ मग तुम्ही काय लिहून द्याल ते, एक लिंक आणि शेवटी एकच प्रश्न. १५० शब्दांत आटपा. आठवड्यानं त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करा, पंधरा दिवसांनी आणखी एकदा. मग थांबा. कुणाला काय, कधी पाठवलं याचा तक्ता ठेवा.

वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या संस्थांना मात्र आवर्जून विचारा. पानं तयार, मजकूर नाही, म्हणून त्यांचे प्रकल्प रखडतात. तिथून काम पुन्हा पुन्हा येतं.

प्रश्न : ‘आधी एक लेख फुकट लिहून द्या’ म्हणतात. द्यावा का?

उत्तर : नाही. तयार नमुने दाखवा; तरी चाचणी हवीच असेल, तर छोटी आणि मोबदला घेऊन. काम ठरलं की शब्दसंख्या, मुदत, किती वेळा बदल करून देणार (दोनदा पुरे) हे ईमेलवर लिहून घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ मागा.