पालक शाळेत येत नाहीत, मग काय करायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, शाळा आणि घर यांचं जमत नाही. दोन शाळेकडून आलीत, एक घराकडून. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढल्यामुळे यावर माझं मन जरा भरून येतं, म्हणून पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यात एका द्विशिक्षकी शाळेवर आहे, दोन वर्षं झाली. पट ३४. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. पालकसभा लावली की चार-पाच जण येतात, तेही नेहमीचेच. दिवाळीच्या आसपास मुलं निघून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वाचायचंसुद्धा विसरलेली असतात. या पालकांना शिक्षणाचं काही पडलेलंच नाही असं आता वाटायला लागलंय. काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमचं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण अगदी हेच मी पण आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर बोलले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ते चुकीचं होतं हे मला एका चौथीतल्या मुलामुळे कळलं, तेवढं आधी सांगते.

हातच्याची वजाबाकी त्याला काही केल्या जमत नव्हती. फळ्यापाशी उभा केला की खडू हातात धरून नुसता उभा. कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघायच्या आधी, सप्टेंबरमध्ये, मी त्याच्या घरी गेले, खरं तर तक्रार करायलाच गेले. आई भाकरी थापत होती, वडील बाजेवर बसले होते. मी उंबऱ्यापाशी बसून सांगितलं की ह्याचं गणित फार कच्चं आहे, लक्ष द्या. वडिलांनी मान खाली घातली, आईचा हात थांबला आणि कुणीच काही बोलेना. मलाच अवघडल्यासारखं झालं म्हणून सहज विचारलं, घरी असला की काय करतो हो हा? तर आई म्हणाली, "फडात मोळ्या ह्योच मोजतो की. गाडीत किती बसल्या, किती राहिल्या, समदं त्याच्या ध्यानात. मागल्या साली मुकादमाच्या हिशेबात फरक आला तवा ह्यानंच सांगितलं."

ज्याला मी गणितात कच्चा म्हणत होते तो मुकादमाची, म्हणजे तोडीच्या टोळीच्या ठेकेदाराची, चूक धरत होता. दुसऱ्या दिवशी तुराट्या मोडून आणल्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या, चार मोळ्या आणि दोन सुट्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं यातल्या सतरा मला दे. त्याने एक मोळी उचलून दिली, सात सुट्या द्यायला गेला तर दोनच. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मोळी सोडावी लागंल." हातचा म्हणजे काय हे मी महिनाभर घसा कोरडा करून शिकवत होते आणि ते त्याला आधीच येत होतं, फक्त माझ्या भाषेत येत नव्हतं. हे मला त्याच्या आईनं एका वाक्यात दिलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पालकांकडे जाताना काहीतरी सांगायला जाऊ नका, विचारायला जा. मुलाबद्दल असं काहीतरी विचारा जे फक्त त्यांनाच माहीत आहे. तो कशाला घाबरतो, कुणाचं ऐकतो, झोपताना काय बडबडतो, घरातलं कुठलं काम न सांगता करतो. मी एक दोनशे पानी वही केली होती, प्रत्येक मुलाला दोन पानं, आणि घरून कळलेलं त्यात लिहायचे. वर्षाच्या शेवटी त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच नोंदवहीचा झाला नाही, हे मनापासून सांगते.

आता पालकसभेचं. तुम्ही वेळ लिहिली नाहीये पण अकरा-साडेअकराची असणार. त्या वेळी ज्याच्या हातात खुरपं आहे त्याची सभेसाठी रोजंदारी बुडते, मग येतो कोण, तर ज्याला सवड आहे तो, म्हणून तुम्हाला नेहमीचेच चेहरे दिसतात. आम्ही सभा संध्याकाळी सातला मारुतीच्या देवळापुढं घ्यायला लागलो, पंधरा-वीस मिनिटांची, भाषण कुणाचंच नाही, मुलांनी धडा वाचून दाखवायचा आणि पालकांनी ऐकायचं. ज्या आईला अक्षर येत नाही तिला पण आपलं लेकरू वाचतंय का अडखळतंय हे कानाला कळतं. एक गोष्ट मात्र मला पटत नाही, माता पालक सभा हळदीकुंकवाला जोडून घेतात ती. आपल्या भागात एकट्या बायका किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको, त्या येतच नाहीत किंवा आल्या तरी कोपऱ्यात बसतात. नुसता चहा ठेवा, पुरतो. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीचं पहिले पाऊल अभियान आलं तेव्हा वस्तीवर माता पालक गट झाले होते, तुमच्याकडचे अजून टिकून असतील तर तिथूनच सुरुवात करा, नवीन काही काढू नका.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हाही मुलं आपण होऊन येत नव्हती, तर त्यांनी शिक्षणच मुलांच्या अंगणात नेलं, आणि पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज आपण अंगणवाडी म्हणतो तो शब्द तिथला. पालकांना पडलेलं नाही असं म्हणत त्या दोघी बोर्डीत बसून राहिल्या असत्या तर काय झालं असतं असं मला नेहमी वाटतं.

स्थलांतराचं काम मात्र दसऱ्याच्या आत झालं पाहिजे, नंतर हातात काही राहत नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मुकादमाचा निरोप आला की रात्रीत गाड्या भरतात. त्याआधी घरोघर जाऊन लिहून घ्या की कोण कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, सोबत फोन कुणाकडे आहे, मुकादमाचा नंबर काय, आणि घरी आजी-आजोबा थांबणार आहेत का. थांबणार असतील तर हंगामी वसतिगृहाचं बोला, मूल गावातच राहतं, जेवणाची सोय होते, शाळा बुडत नाही. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालतं, म्हणून प्रस्ताव वेळेत जाऊ द्या. पण हे बोलताना आईला दोषी वाटेल असं बोलू नका, सहा महिने लेकरू सोडून जायचं तिच्याही जिवावर येतं, आणि मोठी मुलगी सोबत लागते कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला बघायला कुणी नसतं. ती अडचण खरी आहे, ती ऐकून घ्या.

जे मूल जाणारच आहे त्याला शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत शिकता यावं म्हणून आपण देतो तो कागद, आणि ते काय आहे ते आईवडील दोघांना समजावून सांगा, नाहीतर ते कपड्यांच्या गाठोड्यात तसंच परत येतं. कारखान्याजवळच्या शाळेत दाखला मागितला तर घाबरू नका म्हणावं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. आणि आठवड्यातून एकदा फोन करा, पण अंधार पडल्यावर, दिवसा ते फडात असतात. लिहिलेला मेसेज पाठवू नका, तुमच्या आवाजात व्हॉइस मेसेज टाका, मुलाचं नाव घेऊन, एक छोटी गोष्ट किंवा दोन उदाहरणं, आणि त्याच्या आवाजात उत्तर मागवा. नेटवर्क नसतं, दोन-दोन दिवसांनी उत्तर येतं, पण येतं. मुलाला कळतं की बाईंना आपण अजून त्यांच्या वर्गातलेच वाटतो, आणि मार्चमध्ये परत आल्यावर ते दारात थबकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात रिक्षा चालवतो. मुलगी खाजगी शाळेत तिसरीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडम रोज होमवर्क न केलेल्या मुलांची नावं टाकतात, आमच्या पोरीचं नाव आठवड्यात दोनदा तरी असतं. बायकोने ग्रुप बघायचंच बंद केलंय. मी काही बोललो तर पोरीवर राग निघेल अशी भीती वाटते. बोलावं का?
— एक पालक

उत्तर : बोला दादा, नक्की बोला, पण ग्रुपवर नको. पन्नास घरांसमोर आठ वर्षांच्या मुलीचं नाव लागणं बरोबर नाही, त्याने होमवर्क होत नाही, उलट तुमच्या घरातली एक व्यक्ती शाळेपासून तुटली आणि हे मॅडमना बहुतेक माहीतच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मानसिक त्रास द्यायला मनाई करतं, ते लक्षात असू द्या, पण पहिल्याच बोलण्यात कायदा काढू नका. मॅडमना वेगळा मेसेज करा, साधा असा :

"मॅडम, मुलीचा अभ्यास राहतो ते आम्हाला पण कळतंय. मी रात्री दहाला घरी येतो, तिची आई कामावरून आठला. अभ्यास करून घ्यायचा आहे पण कुठे अडतं ते समजत नाही. नाव ग्रुपवर न टाकता मला सांगाल का? आणि दहा मिनिटं भेटायला वेळ द्याल का, शनिवारी सकाळी मी मोकळा आहे."

भेटायला जाल तेव्हा वही सोबत न्या आणि मुलीला काय छान येतं ते तुम्ही सांगा, मॅडमना एवढ्या मुलांत ते दिसलं नसेल. महिनाभरात फरक पडला नाही तर पालक-शिक्षक संघाकडे जा. महाराष्ट्रात २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे खाजगी शाळेत हा संघ लागतोच आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात, म्हणजे पुढच्या वर्षी तुमची चिठ्ठी पण निघू शकते, नाव द्या.

प्रश्न : आमच्या शाळेची व्यवस्थापन समिती फक्त सह्यांपुरती उरलीये. प्रोसिडिंग मीच लिहितो आणि घरी जाऊन सह्या घेतो. जिवंत कशी करू?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, रजिस्टर घेऊन घरोघर जायचं आधी थांबवा, सही सभेतच होईल म्हणून सांगा, एखादी सभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली तरी चालेल. समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात हे कायद्यात आहे, पण बाईच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो तिथेच समिती मरते, तेव्हा तिलाच बोलवा आणि पहिला विषय तिचा ठेवा. मी एका शाळेवर असताना पोषण आहाराची चव घेऊन शेरा लिहायचं काम एका सदस्य आईकडे दिलं. लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि सातवीतली मुलगी लिहायची. पहिल्याच आठवड्यात शेरा आला, "डाळ शिजली नाही, लेकरांचं पोट दुखंल." स्वयंपाकीण मावशी चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, पण डाळ भिजत घालायला लागल्या. पुढच्या सभेला सात बाया आल्या आणि विषयपत्रिका बाजूला ठेवून आधी संडासाच्या दाराला कडी का नाही ते विचारलं. कडी त्याच आठवड्यात बसली.