तीन संघ बरोबरीत आले तर बाहेर कोणी जायचं?

ताई, तुमच्या लेकीचा संघ गटातल्या तीनपैकी दोन सामने जिंकला आणि तरी चौदा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल स्पर्धेतून बाहेर पडला. तीन संघांचे दोन-दोन विजय झाले, आयोजकांनी सगळ्या सामन्यांचा एकूण धावफरक (काढलेल्या धावा वजा दिलेल्या धावा) काढला, आणि तुमचा संघ तिसरा ठरला. हे न्याय्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. नियम आधी जाहीर केला होता, म्हणून निकाल वैध आहे. पण नियम चुकीचा आहे, आणि मुलांच्या स्पर्धेत तर तो अजिबात नसावा. गोव्यात शाळांच्या आणि क्लबांच्या सॉफ्टबॉल सामन्यांचं गुणलेखन मी बरीच वर्षं करत आलोय. त्यामुळे आकडे मांडूनच सांगतो.

लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असे चार संघ धरा. लालने निळ्याला ५–३ हरवलं, निळ्याने पिवळ्याला ४–३, पिवळ्याने लालला ६–५. हिरवा संघ नवखा, तो तिघांकडूनही हरला: लालकडून ९–३, पिवळ्याकडून ८–२ आणि निळ्याकडून १९–१. एकूण धावफरक काढला तर निळा +१७, लाल +७, पिवळा +६. पिवळा बाहेर. आता फक्त बरोबरीतल्या तिघांचे आपापसातले सामने पाहा: लाल +१, पिवळा शून्य, निळा –१. निळा बाहेर. सामने तेच, धावा त्याच, फक्त बाहेर जाणारा संघ बदलला.

निळ्याला वर कशाने नेलं? त्या १९–१ ने. म्हणजे बरोबरीच्या तीन संघांत सरस कोण, याचा निकाल चौथ्या, सर्वांत दुबळ्या संघाला कोणी किती झोडपलं यावर लागला. माझा खरा आक्षेप इथे आहे. पिवळ्याच्या सरांनी त्या सामन्यात राखीव मुलींना खेळवलं असेल, चोरटे बेस घ्यायचे, म्हणजे हिट नसताना पळून पुढचा बेस गाठायचं, थांबवलं असेल. आपण प्रशिक्षकांना हेच करायला सांगतो ना? मग तसं वागणाऱ्या संघाला शिक्षा करणारा नियम का ठेवायचा? आणि हिरव्या संघातल्या मुलींचं काय? पहिल्याच वर्षी एकोणीस धावा अंगावर घेऊन घरी गेलेली मुलगी पुढच्या वर्षी ग्लोव्ह हातात घेईल याची खात्री मी देणार नाही. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली आधीच मोजक्या आहेत.

काही स्पर्धांत यावर मर्यादा घालतात. एका सामन्यातला फरक जास्तीत जास्त सात धावांचाच धरायचा, असा. त्याने झोडपणं थांबतं, ते चांगलंच. पण वरच्या उदाहरणात निळा +६ आणि पिवळा +६ असे पुन्हा अडकतात, आणि आपापसातल्या सामन्यावर निळाच पुढे जातो. म्हणून मर्यादा जरूर ठेवा, पण तेवढ्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट इनिंगची, म्हणजे दोन्ही संघांच्या बॅटिंगच्या एकेका पाळीची. पालकांच्या ती सहसा लक्षात येत नाही. नंतर बॅटिंग करणारा संघ आघाडीवर असेल तर शेवटची अर्धी इनिंग तो खेळतच नाही, म्हणजे धावा काढायची त्याची एक संधी कमी होते. त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबरमध्ये स्पर्धा ठेवली की फोंडा असो वा डिचोली, मैदानात पाणी साचतं आणि आयोजक वेळेची मर्यादा घालतात. एक सामना तीन इनिंगमध्ये आटोपतो, दुसरा पाच इनिंग चालतो, आणि मग दोन्हींतल्या धावा एकाच बेरजेत टाकतात. हे गणितातच बसत नाही.

जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघ यासाठी टीम क्वालिटी बॅलन्स वापरतो. काढलेल्या धावा भागिले बॅटिंगच्या इनिंग, त्यातून वजा दिलेल्या धावा भागिले फिल्डिंगच्या इनिंग. तेही फक्त बरोबरीतल्या संघांच्या आपापसातल्या सामन्यांपुरतं. समजा लालने निळ्याविरुद्ध नंतर बॅटिंग केली आणि पाच इनिंगच्या सामन्यात त्याला चारच मिळाल्या, निळा–पिवळा सामना वेळेअभावी चार इनिंगचा झाला आणि पिवळा–लाल पूर्ण पाचचा. मग लालचा हिशोब १०/९ वजा ९/१०, म्हणजे +०.२१. पिवळ्याचा ९/९ वजा ९/९, शून्य. निळ्याचा ७/९ वजा ८/८, म्हणजे –०.२२. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे.

भागाकार आला की इनिंग कशी मोजायची हेही लिहूनच ठेवावं लागतं. २०१७च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या बेसबॉल स्पर्धेत मेक्सिको, व्हेनेझुएला आणि इटली असेच अडकले होते. तिथे प्रत्येक इनिंगमागे दिलेल्या धावा पाहायच्या होत्या. इटलीविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये मेक्सिकोने एकही आऊट न काढता पाच धावा दिल्या आणि सामना १०–९ असा गमावला. आऊटच नाही म्हणून ती इनिंग मोजली गेली नाही. मेक्सिकोचे झाले १७ इनिंगमध्ये १९, म्हणजे १.१२, आणि व्हेनेझुएलाचे १९ इनिंगमध्ये २१, म्हणजे १.११. मेक्सिको बाहेर. ती इनिंग धरली असती तर १९/१८ होऊन मेक्सिको व्हेनेझुएलाच्या पुढे गेला असता. एवढ्या मोठ्या स्पर्धेत यावरून वाद झाला, तर आपल्या मैदानावर होणारच. एका आऊटला एक तृतीयांश इनिंग, आणि शून्य आऊट असले तर काय, हे कागदावर हवं.

तिघांतून एक वेगळा झाल्यावर उरलेल्या दोघांसाठी पुन्हा आपापसातला सामना पाहायचा की यादीतल्या पुढच्या निकषाकडे जायचं, हेही लिहायला हवं. नेमकं हेच स्पर्धांच्या बहुतेक नियमपत्रकांत नसतं. नाणेफेक सर्वांत शेवटी. मैदान आणि उजेड असेल तर मी नाणेफेकीऐवजी दोन इनिंगचा छोटा सामना घेईन.

तुमचा दुसरा प्रश्न, जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकट धावपटू का ठेवतात? सॉफ्टबॉलचा सामना एरवी सात इनिंगचा, बरोबरी झाली तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आठवीपासून हा धावपटू येतो, आणि तो दोन्ही संघांना मिळतो. हा नियम मला मान्य आहे, कारण चौदा वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीला, तासन्‌तास टाकायला लावणं जास्त वाईट. नंतर बॅटिंग करणाऱ्याला किती धावा हव्यात ते माहीत असतं, एकच हवी असेल तर तो बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच जवळ ढकलून, धावपटू तिसऱ्या बेसवर नेतो, एवढा फायदा राहतो. मात्र या इनिंगमधल्या धावा धावफरकाच्या हिशोबात धरू नयेत, कारण तो धावपटू कोणी हिट मारून बेसवर आलेला नसतो.

झालेला निकाल आता बदलणार नाही, आणि त्यासाठी भांडूही नका. पुढच्या स्पर्धेत ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची सोडत, काढायच्या आधी संघ व्यवस्थापकांची बैठक होते. तुमच्या सरांना तिथे लेखी मागणी द्यायला सांगा: बरोबरीतल्या संघांचेच सामने धरा, इनिंगने भागा, आणि वरची उदाहरणं पत्रकाला जोडा. ड्रॉच्या आधी कोणालाच माहीत नसतं की नियम आपल्या बाजूने जाईल की विरुद्ध, म्हणून तेव्हा आयोजक शांतपणे ऐकतात.