गावरान टोमॅटोचे बी घरच्या घरी धरताना

प्रश्न (जुन्नर तालुक्यातील एक ताई): आईच्या परसातल्या चपट्या, आंबट टोमॅटोचे चमचाभर बी हाती लागले आहे. मागे बाजारातल्या टोमॅटोचे बी लावले, तर झाडागणिक फळ वेगळे निघाले. याचेही तसेच होईल का? शिवाय माझी रोपे दोन पानांवरच कोलमडतात.

उत्तर: ताई, बाजारातला बहुतेक माल संकरित वाणाचा. त्याच्या बियांत पुढच्या पिढीला गुण विखुरतात, म्हणून तुमच्याकडे ती सरमिसळ झाली. गावरान वाण सरळ, म्हणजे संकर न केलेला असतो. टोमॅटोचे फूल सहसा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे बी आईवर जाते. मात्र हे बी मोलाचे आहे, सगळे एकदम पेरू नका. निम्मे कोरड्या बाटलीत मागे ठेवा.

रोप कोलमडते ते बुरशीने. जमिनीलगत खोड पाणावते, दोऱ्यासारखे बारीक होते आणि रोप आडवे पडते. दाट पेरणी आणि संध्याकाळचे भरपूर पाणी ही त्याची कारणे. पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात 1 सेंमी खोल, विरळ पेरा आणि सकाळीच झारीने पाणी द्या. आठवडाभरात उगवण दिसेल. वर बारीक जाळी हवीच, कारण पांढरी माशी रोपावस्थेतच बोकड्या (पाने आकसून वळवणारा रोग) आणते. साधारण 25 ते 30 दिवसांत पुनर्लागण करा आणि झाडाला काठीचा आधार द्या.

आता बी धरण्याचे. जोमदार, निरोगी झाड निवडा. बोकड्या आलेले झाड उपटून टाका. जवळ दुसरा वाण असेल, तर फुले उमलण्याआधी एक घड मलमलच्या पिशवीत बांधा, अधूनमधून हलकेच हलवा. फळ धरले की पिशवी काढून घडाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरात कोणी चुकून तोडणार नाही. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या. मग गर बियांसकट काचेच्या भांड्यात काढून सावलीत दोन दिवस आंबवा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो आंबल्यावर सुटतो. वर पांढरट साय आली की पाणी ओता, तरंगणारे पोचट बी फेका आणि तळाचे चाळणीवर धुवा. साय आल्यावरही तसेच आंबवत ठेवले तर भांड्यातच मोड येतात. कागदावर बी चिकटते, म्हणून ताटलीत पसरून सावलीत खडखडीत वाळवा. बाटलीवर वर्ष लिहा; कोरड्या, थंड जागी हे बी तीन वर्षे चांगले उगवते.