विकलेली एमएम ५४० परत घ्यायची असेल तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दारव्ह्याकडची तुमची १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० जीप. वडिलांनी गावच्या मिस्तरीकडून मागचा हौदा लांबवून घेतलेला, पुढे लोखंडी चॅनलचा बंपर, त्यावर विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं यंत्र. त्यांच्या आजारपणात ती विकावी लागली, आता वडील नाहीत. गाडी दर्यापूरकडे एका शेतकऱ्याच्या वाड्यात उभी सापडली आहे, मूळचं पूजो कंपनीच्या बनावटीचं इंजिन जाऊन डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसलंय आणि मालक दोन लाख दहा हजार म्हणतो. घ्यावी का, आणि घेतली तर पहिल्यासारखी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आहे की घ्या. अशी गाडी दुसरी मिळत नाही. बाजारात एमएम ५४० पुष्कळ आहेत, पण तुमच्या वडिलांच्या मापाने बांधलेली ही एकच. फक्त व्यवहार होईस्तोवर ती कुण्या परक्याची गाडी आहे असं धरून तपासा. जुनं सीट दिसलं, स्टिअरिंगला हात लागला की माणूस चेसिसखाली वाकत नाही, आणि खरा खर्च चेसिसखालीच असतो.

पहिलं काम कागदाचं, आणि ते घरबसल्या होतं. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट दिसतं, पण ओळखायला पुरतं. आपल्याकडे जुन्या जीपा स्टॅम्प पेपरवर हात बदलतात आणि आरसी मूळ मालकाच्याच नावावर राहते. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते झालं नसेल तर तुमच्या वडिलांचं नाव आजही आरसीवर असण्याची शक्यता मोठी आहे. ही साधी गोष्ट नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधल्या काळात कितीही जणांकडे गेलेली असो.

नाव वडिलांचं निघालं तर मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० चा नेहमीचा मार्ग चालत नाही, कारण विकणाऱ्याच्या जागी सही करणारा माणूसच नाही. मग वारस म्हणून फॉर्म ३१ भरावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणजे आई आणि बहिणींशी आधी बोलून घ्या. एक गोष्ट इथे मनापासून सांगतो. कागद तुमच्या बाजूने आहे म्हणून त्या शेतकऱ्याची अडवणूक करू नका. त्याने पैसे मोजले होते आणि ते तुमच्या घरात गरजेच्या वेळी आले होते. रास्त भाव द्या, पैसे मिळाल्याची पावती घ्या, ताब्याची तारीख आणि वेळ लिहून घ्या.

दुसरं, नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून तपासणी. १९९२ ची गाडी म्हणजे हे आतापर्यंत अनेकदा व्हायला हवं होतं. मोटारगाडीचं हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढलं. उशिराचा दंड वेगळा, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वाड्यात नुसती उभी असलेली गाडी बहुधा या सगळ्यात मागे पडलेली असते. ही थकबाकी काढून ती सांगितलेल्या भावातून वजा करा. घासाघीस करायला याहून सभ्य मुद्दा नाही.

आता गाडीकडे. जाताना सोबत मिस्तरी, टॉर्च, तारेचा ब्रश, ओळंबा आणि खडू न्या. चेसिसवर ठोकलेला नंबर ब्रशने साफ करून त्यावर कागद ठेवा आणि पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओतही असंच बघतात. आकड्यांभोवती वेल्डिंग किंवा ग्राइंडर फिरल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा. तुमच्याकडे वडिलांच्या वेळचा विम्याचा जुना कागद असेल तर त्यावरचा नंबर आधी पाहून जा. चेसिस बदललेली असेल तर ती तुमची गाडी नव्हे, तिच्यावर फक्त तुमचा पत्रा आहे.

चेसिस तुमचीच निघाली तर ती सरळ आहे का ते बघा. गाडी सपाट कोब्यावर आणा, जिनिंगचा किंवा दालमिलचा कोबा मिळाला तर उत्तम. चारही पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या-मागच्या पिनांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची, गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि खुणांमधले कर्ण मोजायचे. दोन्ही कर्णांत पाव इंचापर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर चेसिस कधीतरी वाकलेली आहे आणि ती गाडी पुढे कायम एका बाजूला ओढेल. तडे कुठे शोधायचे तर शॅकलच्या हँगरपाशी (पाटे चेसिसला टांगलेले असतात तिथे), स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलाय तिथे, आणि तुमच्या बाबतीत खास करून विंच बसलेल्या टोकाला. विंचने ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओढल्या असतील तर चेसिसच्या पुढे आलेल्या दोन्ही टोकांनी (फण्यांनी) तो मार सोसलेला असणार. तड्यावर पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं दिसेल. ते वाईटच असतं असं नाही, पण पट्टीच्या कडेला नवा तडा गेलाय का ते बघा.

गंजाबद्दल लोक कोकणातल्या गाड्यांचं ज्ञान आपल्याला सांगतात. विदर्भात हवा कोरडी, पत्रा तसा टिकतो. आपल्याकडे पत्रा खातं ते खत. मधल्या काळात गाडीत काय वाहिलं ते मालकाला गप्पांत विचारा. कापूस, सोयाबीन, संत्र्याचे क्रेट असतील तर चिंता नाही. युरिया-डीएपीची पोती वाहिली असतील तर हौद्याचा तळ, चाकांवरच्या पेट्या आणि त्याखालचे आडवे चॅनल हातोडीने टकटक करून पाहा. खताचे क्षार ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून पोखरतात. वरून रंग छान दिसतो आणि हातोडी आरपार जाते. काळी मातीही तशीच, चेसिसच्या कोपऱ्यात साचली की उन्हाळ्यापर्यंत ओलावा सोडत नाही.

दर्यापूर म्हटल्यावर मला दुसरी काळजी वाटली, पाण्याची. तो सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलं गेलं असेल तर रेडिएटरची जाळी क्षाराने बुजलेली असणार आणि इंजिनच्या आतल्या पाण्याच्या वाटाही. थंडीत गाडी चालवून बघितली तर हे कळणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, लो गिअरमध्ये वावरातून चढ आला, की पाणी उकळेल आणि हेड गॅस्केट जाईल. रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवा, पांढरा खर लागला तर रेडिएटर उतरवून साफ करण्याचा खर्च धरूनच भाव बोला. घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, दुसरं काही नाही.

इंजिनाचं. मूळचं पूजो एक्सडीपी ४.९० म्हणजे २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर, हलकं आणि त्या काळच्या डिझेलच्या मानाने मऊ चालणारं. त्याचे लायनर वेट, म्हणजे बोअर न करता लायनर-पिस्टनचा सेट बदलता येतो. पण आता त्याचे सुटे भाग शोधावे लागतात. बसवलेलं डीआय २५२३ सीसी असेल तर ते खडखडतं, थरथरतं, पण त्याचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे. शेतात रोज वापरायची तर मी डीआयच ठेवीन. अट एकच, आरसीवर त्या इंजिनाचा नंबर चढलेला हवा. इंजिन बदलायला आधी आरटीओची मंजुरी लागते. तशी नोंद नसेल तर आत्ता बसलेल्या इंजिनाचं बिल कुठे आहे ते मालकाला विचारा, आणि जुनं पूजो कुठे गेलं तेही. बऱ्याचदा ते बदलणाऱ्या मिस्तरीच्या शेडमध्ये पडलेलं असतं. मिळालं तर भंगाराच्या भावात घेऊन ठेवा, आज बसवायचं नसलं तरी. आरसीवर अजून त्याचाच नंबर असेल तर कदाचित तेच बसवणं सगळ्यात सोपं पडेल.

फोर व्हीलचं अंग मात्र पूर्ण तपासा, कारण ते नीट नसेल तर ही नुसती जुनी जीप आहे. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, स्पायसर १८, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये होती त्याच घराण्यातली. साधी आणि दमदार. लो गिअरमध्ये ओढ सुमारे अडीचपट होते. वरच्या गिअर बॉक्समधलं ऑईल झिजलेल्या सीलमधून तिच्यात उतरू शकतं, म्हणून दोन्हींची पातळी वेगवेगळी बघा. ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पुढच्या-मागच्या चाकांचा वेगफरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून चाचणी घेऊ नका. मऊ वावरात घ्या, हब लॉक करून (पुढची चाकं ॲक्सलला जोडून), पुढची चाकं खरंच ओढतात का ते खाली उतरून बघत.

पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच रेशोचे आहेत का हे तर बघाच. एखादा ॲक्सल दुसऱ्या मॉडेलचा घातला असेल तर फोर व्हील लावताच दोन्ही टोकं एकमेकांशी झगडतात आणि शाफ्टचे क्रॉस तुटतात. गाडी न्यूट्रल करा, एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकवर उचला, पुढे बघताना हब लॉक करा. उचललेलं चाक दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते खडूच्या खुणेने मोजा. पुढे-मागे आकडा सारखा यायला हवा. तसंच पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर मिस्तरीला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. जुन्या जीपची पुढची चाकं चाळीसच्या वेगाला थडथडतात ती बहुतेक वेळा किंगपिन आणि टाय रॉडच्या बॉलमुळे, आणि लोक उगाच व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवतात.

आता तुमच्या प्रश्नाचा जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, पहिल्यासारखी म्हणजे नेमकी कशी? वडिलांनी केलेले बदल परत करताना कायदा आडवा येतो हे आधी माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. चॅनलच्या बंपरवरही, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. म्हणून मी अशी रेघ आखतो. बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं ते वडिलांचं सगळं परत आणा. विंच, सीटखालची अवजारांची पेटी, ट्रॅक्टरच्या पाइपाचा धरायचा दांडा, मागची बाकं, टपाच्या कैच्या. रस्त्यावर जाताना विंच आणि बंपर उतरवा, वावरात लावा. हौदा लांबवताना जर चेसिस कापून जोडलेली असेल तर ती मात्र मूळ मापावर आणा, त्यात भावना आणू नका. तो जोड मोडला तर गाडीतली माणसं जातील. चेसिसला हात न लावता नुसता पत्रा मागे वाढवलेला असेल तर तपासणीच्या अधिकाऱ्याला आधीच दाखवून विचारा.

ज्या मिस्तरीने हे काम केलं होतं तो हयात असेल तर दर्यापूरच्या आधी त्याच्याकडे जा. नसेल तर त्याच्या पोराकडे. लग्नातले, पोळ्याचे जुने फोटो काढा. मागे उभी असलेली जीप फोटोत येतेच. माणसाच्या उंचीवरून बंपरची, बाकांची मापं काढता येतात. रंगही त्याच फोटोवरून नाही, तर डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटखाली जुना थर खरवडून जुळवा, फोटोत रंग फसवतात.

काम करताना क्रम मोडू नका. चेसिस आणि पाटे, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग ॲक्सल-गिअर, मग इंजिन, मग नवी वायरिंग, आणि रंग अगदी शेवटी. सगळे जण रंगापासून सुरू करतात कारण घरचे विचारतात काय झालं म्हणून. घरच्यांना सांगा थांबा. रंग केलेली गाडी पुन्हा उघडायला हात धजत नाही आणि मग सडका हँगर तसाच राहतो. टायर अरुंदच घ्या, मूळचं ६.००-१६ माप. रुंद टायर फोटोत शोभतात, पण आपल्या काळ्या मातीत ते वर तरंगून चिखल गोळा करतात, आणि त्यांचा भार किंगपिनवर येतो. अरुंद टायर पहिल्या पावसात वरचा चिकट थर कापून खालच्या घट्ट जमिनीला धरतो. ऑगस्टमधल्या पांदणीत मात्र खाली घट्ट असं काही उरतच नाही, तेव्हा कुठलीच गाडी घालू नका.

पैशांचा अंदाज विचारलात. गाडीला जेवढे द्याल तेवढे निदान दुरुस्तीला बाजूला ठेवा, नाहीतर ती अर्धी उघडी होऊन शेडमध्ये राहील आणि ते वाड्यात उभी असण्यापेक्षा वाईट. आणि वेळ बघा. मे-जूनमध्ये सगळे मिस्तरी ट्रॅक्टरमागे असतात, तुमच्या जीपला कोणी हात लावणार नाही. कापूस घरात आला की जानेवारीत काम काढा, मृगापर्यंत ती चालती होईल.

दर्यापूरला जायच्या आधी पोर्टलवर नंबर टाकून बघा आणि आरसीवर कोणाचं नाव निघतं तेवढं इथे लिहा. वडिलांचं निघालं तर फॉर्म ३१ सोबत काय काय जोडायचं ते मी सविस्तर सांगतो. चेसिसच्या छापाचा फोटो मात्र उघड्यावर टाकू नका, मला निरोपात पाठवा.