सप्टेंबरअखेर नॉर्वेला पहिल्यांदा जाताय?

सात दिवसांत ओस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन आणि वर फ्योर्ड (डोंगरांमध्ये खोल शिरलेली समुद्राची खाडी)? स्टॉकहोम आणि कोपनहेगन या दोन राजधान्या गाळाच. नवखे इथेच फसतात, अर्धी सहल बॅगा ओढण्यात जाते.

ओस्लो-बर्गन रेल्वेला साधारण सात तास लागतात. वाटेत मिर्डालला उतरून फ्लॉमची गाडी धरा: 20 किलोमीटर, तासाभराचा उतार. फ्लॉमला मुक्काम करा. सकाळी फ्योर्डातून जाणारी गुडवांगनची बोट (सुमारे दोन तास), तिथून बसने व्हॉस, मग पुन्हा रेल्वेने बर्गन.

- बर्गनच्या वाऱ्यात छत्री उलटते. टोपीवाला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूटच हवेत.
- उन्हाळ्याचं वेळापत्रक बघून बेत आखू नका. शरदात फेऱ्या कमी होतात. आपल्याच तारखेचं तपासा.
- रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद. ब्रेड-चीज शनिवारीच घ्या.

ट्रोलस्टिगेनच्या वळणावळणाच्या घाटरस्त्यावर या सहलीत विसंबू नका. बर्फ पडला की तो बंदच.